होडीभाडे, दोन रुपये सहा आणे

देवखाडीत एके काळी जकातनाका होता.
मस्कतची गलबतं थेट नाक्याला लागायची,
म्हणून कुणा साहेबाने कागदावर लिहिलं:
ह्या बंदराला कौन्सिलात एक खुर्ची.
मग खाडी गाळाने भरली.
गलबतं जयगडाकडे वळली,
नाक्याच्या चिऱ्यांचा कुणी गोठा बांधला.
खुर्ची मात्र राहिली.
खुर्चीला गाळ लागत नाही.

यादीची झेरॉक्स माझ्यापाशी आहे.
एकूण मतदार एकोणीस.
सर्वांत वर खोत धोंडोपंत लिमये,
खाली त्यांचे भाऊ, चुलते, व्याही,
मग हुसेन नाखवा,
जो तीन वर्षं दर्यापार होता
आणि तरी दर खेपेला मत देऊन गेला,
मग रामा वाणी,
ज्याचं तेरावं गावाने जेवलं होतं,
त्याच्यापुढे अंगठा. शाई अजून ठळक.

मतपेटी पलीकडे, मामलेदार कचेरीत.
होडी आमच्या पणज्याची.
भिकू तांडेल, जातीने खारवी,
यादीत नाही. शेतसारा भरत नव्हता,
पाण्यावर सारा नसतो.
सतरा माणसं पंचे सावरत बसली
तेव्हा म्हणे त्याने खोतांना विचारलं,
"मत म्हन्जी काय वो, पंत? वजन किती त्याचं?"
पंत हसले. सगळी होडी हसली.
परतताना तो कडेची रेघ बघत होता:
मतं तर पलीकडे टाकून आली ही,
मग होडी तेवढीच का बुडतेय पाण्यात?

निवडून यायचे ते बॅरिस्टर गिरगावात राहत.
एकदाच आले, भरतीला ओकले,
फणसाचे गरे खाऊन दुपारच्या आगबोटीने गेले.
अकरा वर्षांत त्यांनी एक प्रश्न विचारला:
देवखाडीस धक्का केव्हा बांधणार?
उत्तर आलं: विचाराधीन.
त्या दिवशी पंतांनी गावाला पेढे वाटले.
धक्का आलाच नव्हता,
पण त्याचं नाव तरी मुंबईत कुणी घेतलं होतं.

मग एका चैत्रात तार आली.
जागा रद्द. बंदर पलीकडच्या तालुक्यात सामील.
पंत ओटीवर तार घेऊन बसून राहिले,
सुपारीची खांडं तशीच तबकात.
खाली खाजणात ओहोटी लागली होती,
बाया गुडघाभर चिखलात मुळे काढत होत्या.
एकीनेही वर पाहिलं नाही.
गेलं काय, तर जे कधी त्यांच्या हाती नव्हतं ते.

आणि पंतांचा अर्ज. तोही आहे माझ्याकडे.
मोडीत, वळणदार, एकही खाडाखोड नाही:
"सदरहू जागा अर्जदाराचे तीर्थरूपांपासून
घराण्याचे वहिवाटीत असून
ती सरकाराने काढून घेतली, सबब
नुकसानभरपाई मिळणेस विनंती."
जणू पाणंदीकडचा फणस तोडला,
जणू पाटाचं पाणी अडवलं.
खाली खर्चाचा तपशील:
जेवणावळी नऊ.
नारळ चारशे.
बॅरिस्टरांस आंबे, पेट्या बावीस.
होडीभाडे, मतदार एकोणीस, दर दोन आणे,
भिकू तांडेल यास रोख, दोन रुपये सहा आणे.

मी हिशेब करून पाहिला. बरोबर येतो.
नाखवा दर्यात, त्याचे दोन आणे आहेत.
वाणी मेलेला, त्याचेही आहेत.
मेलेल्याला खाडीपार नेल्याचं भाडं
माझ्या पणज्याच्या नावावर.
अर्जावर लाल शेरा: दफ्तरी दाखल.
म्हणजे पंतांनाही दमडी मिळाली नाही,
ह्याचं मला वाईट वाटायला हवं होतं का, ठरत नाही.

आमच्यात एवढंच सांगतात
की त्या दिवशी भिकूला एक शहाळं दिलं होतं,
तेही न सोललेलं,
आणि कोयती पंतांच्या घरात होती.

सरकारी कागदावर त्याचं नाव
एवढंच, एकदाच.
काल रात्री दिवे गेले तेव्हा
मोबाईलच्या उजेडात मी झेरॉक्सच्या कडेला
पेन्सिलीने बारीक लिहिलं:
मिळाले नाहीत.